आधी काही ठेवलं नसेल तर

क्लाक्सविकच्या वाचनालयात पडदे अकरा,
यंत्र मात्र एकच, तळघरात,
ओल्या कोटांच्या खुंट्यांमागे घुं घुं करत बसलेलं.
सगळे त्याचे पोटभाडेकरू.

तक्रार सुन्नेवाची:
काळ्या खिडकीत आज्ञा टाइप केली की फारोईज नीट उमटतं,
तेच चित्रावर टिचकी मारून उघडलं
की आडनावातलं एक अक्षर जातं,
त्या जागी प्रश्नचिन्ह.

दोन दिवस मी भलत्याच फायलीत लिहीत होते.
ती फाईल फक्त टर्मिनल वाचतं.
डेस्कटॉप येतो मागच्या दाराने,
त्याला पुढच्या दारावरची पाटी कशी दिसणार?

मग ती अर्ध्या सेकंदाची जागा शोधली
जिथून सगळेच जातात:
लॉगिनचा निळा पडदा विझलेला,
वॉलपेपर अजून यायचा.
तिथे पुटपुटावं तसं लिहिलं –
भाषा ही. घड्याळ इथलं.
छपाई जिन्याखालच्या प्रिंटरवर.
संपादक साधा, ज्यातून माणसाला बाहेर पडता येतं.

सोमवारी हानुस आला, बोट विकून बसलेला,
भरती-ओहोटीचा तक्ता पाहून गेला.
काही बदललंय हे त्याला कळलंही नाही.
या कामात तीच पावती.

तीन वाजता मारिव्हिक,
वृद्धाश्रमातली पाळी संपवून, सातव्या पडद्यापाशी.
कोपऱ्यात पाहिलं, आणि हात कीबोर्डवर तसाच.
"घड्याळ कुणी बदललं?"

तिथे आजवर इलोइलोची वेळ असायची.
मुलगी झोपली असेल की जागी,
हे तिला बोटांवर मोजावं लागत नव्हतं.
तीन वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या घरात
एक ओळ लिहून ठेवली होती, कुणाला न विचारता.
माझी ओळ तिच्या ओळीनंतर वाचली जात होती,
आणि यंत्राचा न्याय असा
की शेवटी बोलेल त्याचं खरं.

मी पुन्हा तळघरात.
ओळी त्याच ठेवल्या. फक्त प्रत्येकीच्या आधी
पाहुण्याच्या ताटात वाढताना विचारतात तसं
विचारायला लावलं:
आधी काही ठेवलं नसेल, तरच.

किती वर्षं हा शब्द मी वापरतेय, डिफॉल्ट,
आणि त्यात हे विचारणं असतं
हे मला एका परिचारिकेच्या थांबलेल्या हातावरून कळावं.

ती बाहेर पडून पुन्हा आत आली.
कोपऱ्यात अकरा वाजून वीस मिनिटं, रात्रीचे.
"झोपली असेल," म्हणाली,
आणि सकाळी वाचता येईल असं पत्र लिहायला घेतलं.

ते छापायचंही होतं तिला.
जिन्याखाली कागद संपला होता.