तीन जागा

कोर्स दोन दिवसांचा होता.
बंदरातल्या रिकाम्या कंटेनरमध्ये वर्ग, भिंतीवर पडदा,
चहाबरोबर कालचा पाव.
आग विझवायच्या नळकांड्यांचे रंग तेव्हा पाठ होते,
आज विचाराल तर सांगता येणार नाहीत.
सर्टिफिकेट चार घड्या घालून
कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलंय.
कपाट आता हलत नाही.

निबाल्दो मास्तरांच्या डाव्या हाताला तीनच बोटं.
त्याबद्दल ते बोलले नाहीत, आम्ही विचारलं नाही.
म्हणाले, शिडीवर तीन जागा कायम टेकलेल्या हव्यात:
दोन पाय एक हात,
नाहीतर दोन हात एक पाय.
मग पडदा बंद करून एकेकाला विचारत सुटले,
"घरी पायऱ्या किती?"

वाल्परायसोत हा काय प्रश्न झाला!
इथे टेकडीला टेकडी चिकटलेली,
घराकडे रस्ता जात नाही, जिना जातो.
माझ्या एकशे चौदा.
"क्रेनची शिडी चढशील दिवसातून चारदा.
सवय तिथे लागायची नाही, घरच्या जिन्याला लाव.
कठड्याला लाल लोकर बांध.
दिसली की म्हण, तीन."

बांधली.
पहिला आठवडा ती दिसायची तिसाव्या पायरीवर,
आणि दोन्ही हातांत बटाट्यांच्या पिशव्या.
दुसऱ्या आठवड्यात पिशव्या पाठीवर गेल्या.
शेजारची एदुविहिस खिडकीतून ओरडली,
"म्हातारी झालीस काय गं, कठडा धरून चालतेस?"
मी चिडले. दोन दिवस मुद्दाम
हात खिशात घालून चढले.
तिसऱ्या दिवशी कुणीतरी मासळीचं पाणी सांडलेलं,
आणि हात मला न विचारता
खिशातून बाहेर आला.

पुढे केव्हातरी लोकर नाहीशी झाली.
चिमणीने घरट्याला नेली असेल, नाहीतर वाऱ्याने.
कधी, ते विचारू नका.
कठड्याचा तेवढ्या जागी रंग उडालाय,
लोखंड गुळगुळीत,
एका तळव्याएवढं.

आन्सेल्मो मुरंब्यासाठी स्टुलावर चढतो
ते कपाटाची कड धरून.
त्याला कुणी शिकवलेलं नाही.
मुरंब्यावरून मी रागावते,
कडेबद्दल काही बोलत नाही.

गेल्या रविवारी जिन्यावर मास्तर भेटले.
वरून येत होते, कुणा बहिणीकडून,
एका हातात तेलाचा डबा, दुसऱ्यात पाव,
बगलेत कलिंगड.
नजरानजर झाली तसे जागीच थांबले,
कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखे.
"तीन, मास्तर," मी म्हटलं.
"आज रविवार आहे गं."
मी कलिंगड घेतलं. पाव माझ्या पाठपिशवीत गेला.
त्यांची तीन बोटं कठडा चाचपू लागली
आणि आम्ही उतरलो,
मधे दोनदा थांबून,
कारण कलिंगड सारखं घसरत होतं.