हातचा नाही

ब्रोकन हिलच्या क्लबात मंगळवारी सकाळी,
दारं उघडायच्या आत, मी यंत्रांची पोटं उघडतो.
किल्ल्यांचा जुडगा, मऊ ब्रश, टॉर्च.
आत वाळवंटाची लाल धूळ असते,
एखादा वाळलेला पतंग,
आणि तळहाताएवढी हिरवी पाटी,
जिच्यावर झ्लाता मारुशिचचं नाव
कुठंही लिहिलेलं नाही.
हे मी तिला सांगितलंय.
ती म्हणते, तुला दिसत नसेल.

अकरा वर्षं ती खिडकीकडून चौथ्या यंत्रावर बसते.
हिशेब पक्का:
शुक्रवारी दिलं नाही, शनिवारी दिलं नाही,
म्हणजे आज ते देणं लागतं.
खाणसुद्धा लागत होती,
तिच्या नवऱ्याच्या फुप्फुसांचं.
एकोणीस वर्षांनी का होईना, चेक आला,
तिच्या नावावर, त्याच्या नाही.

मी कागदी रुमालावर मांडून दाखवलं:
आत आकडे पळत असतात, झ्लाता,
सेकंदाला हजारो, कुणी खेळो न खेळो.
तू बटण दाबतेस त्या क्षणी एक उचलला जातो. संपलं.
चाकं फिरतात ती नंतरची वरात,
लग्न केव्हाच लागलेलं असतं.
आणि या बेरजेत हातचा नसतो.
मागच्या डावातलं पुढच्यात काहीच येत नाही,
ना तुझं, ना त्याचं.

ती लक्ष देऊन ऐकत होती.
मग रुमालाची चार घड्यांची घडी करून
यंत्राच्या कडेला टेकवली,
आणि दाबलं.
अजून तो तिथंच असतो. मला उचलवत नाही.

मर्व्ह ट्रिगिअरला वाटतं, मॅनेजरच्या खोलीत एक खटका आहे,
पेन्शनच्या दिवशी तो खाली ओढतात.
मी खोलीत गेलोय. किटली आहे,
विजेची बिलं आहेत, मॅनेजरच्या मुलीचा पोहण्याचा कप.
शंभरातले सत्त्याऐंशी परत, हे मर्व्हला पाठ आहे,
म्हणून तो शंभर घालून सत्त्याऐंशीची वाट बघतो.
अरे, ते साऱ्यांचं मिळून, वर्षानुवर्षांचं.
आणि आलेले परत घातलेस,
की त्यांतूनही तेरा टक्के.
"मग बाकीच्यांचे कुणाकडे गेले?" असं म्हणून
तो शेजारणीकडे संशयानं पाहतो.

तिसरं कांगारू एक घर वर थांबलं
की अख्खा हॉल उसासतो: थोडक्यात हुकलं.
आत 'थोडक्यात' नावाचं काही नाही.
शेवटच्या चाकावर कांगारूच कमी रंगवलेत,
एवढंच आहे.
उसासा मात्र खरा असतो. तोही मी ऐकतो,
स्क्रू आवळता आवळता.

जुलैत झ्लाताला ॲडलेडहून लेकीचा फोन आला.
ती बाहेर गेली, सहा मिनिटं असेल,
तेवढ्यात दुधाच्या टँकरचा एक पोरगा बसला
आणि चार हजार तीनशे डॉलर घेऊन उठला.
ती परत आली तेव्हा दिवे अजून नाचत होते.
"माझे होते," ती म्हणाली.
मी म्हटलं, तू असतीस तर बोट निमिषभर अलीकडे पडलं असतं,
किंवा पलीकडे. आकडा दुसराच.
कावळा बसायला अन् फांदी मोडायला.
"असेल," झ्लाता म्हणाली. "पण फांदी माझी होती."
फोनवर लेक काय म्हणाली, ते तिनं सांगितलं नाही.

मीही बारा वर्षं खाली होतो, किल्ल्या हाती यायच्या आधी.
तीन एक्स-रे स्वच्छ आलेत.
चौथ्याच्या दिवशी इस्पितळात लवकर पोचलो,
पार्किंग अर्धं मोकळं होतं.
पण मिरीच्या झाडाखालची, ती जागा,
तिथं कुणाची तरी पांढरी गाडी उभी.
मी इंजिन चालू ठेवून थांबलो.
वीस मिनिटं.
ती हलली, मग माझी लावली,
आणि आत गेलो.