चादरीची उलट बाजू

नायना सांगायचा,
मडामची ओळख आधी डब्यानं करून दिली.

रंगखात्यात पत्र्याचे डबे यायचे बोटीनं,
झाकणावर टोकदार जर्मन अक्षरं.
पहिल्याच दिवशी ती एका डब्यापाशी उकिडवी बसली,
बोट फिरवत गावाचं नाव वाचलं,
म्हणाली, हे माझं घर.
मग मोडक्या हिंदीत : तिथली नदी
सोमवारी लाल, गुरुवारी निळी.
नायनानं खिडकी उघडून मागचा नाला दाखवला.
त्या दिवशी तो जांभळा होता.

नाव हेडविग लेन्त्स.
साखर पेठेत आठवड्याभरात झालं हेडम्मा.

तिकडे तिची चित्रं भिंतीवरून उतरवली होती,
का, तर माणसं माणसांसारखी दिसत नाहीत.
इथे गिरणीनं ठेवली चादरींवर मोर काढायला,
कमळ, वेलबुट्टी, आणि पुन्हा मोर.
पण तिचा मोरही ओरडत असायचा.
मॅनेजर म्हणाला, बाई,
यावर लोकांना झोपायचंय.

सुट्टीच्या दिवशी आमच्या खोलीवर यायची.
कडक भाकरी मोडल्याचा आवाज ऐकायला
कानाजवळ धरून मोडायची.
शेंगाचटणीनं डोळ्यांत पाणी,
तरी हात पुढे.
मग दारात बसून सागाची फळी कोरायची,
काजळीची शाई लावून
उलथन्याच्या पाठीनं कागद घासायची.

आजी कांड्या भरत बसलेली.
छापात तिचं अर्धं तोंड काळं,
आणि हात तोंडाहून मोठा.
सगळे हसले.
आजी मात्र बघत राहिली, मग तेलुगूत म्हणाली,
बरोबर आहे.
दुखतो तेवढाच काढलाय.

नायनानं एकदा विचारलं,
ह्या माणसाचा चेहरा हिरवा का?
ती म्हणाली, एप्रिलात दुपारी दोनला
खात्यातून बाहेर आलास की काय दिसतं?
नायना भाबडा माणूस. खरंच आठवून बघितलं,
आणि म्हणाला, हिरवं.

मॅनेजर कलकत्त्याला गेला त्या आठवड्यात
नायना आणि पंचिंगचा बाशाभाई, दोघांनी
रात्रपाळीला जकार्डचे पुठ्ठे टोचले.
एकच चादर विणली, पहाटेच्या भोंग्याआधी.
मोर नाही, कमळ नाही.
लाल जमिनीवर हिरव्या तोंडाची बाई,
तोंड उघडं, काठापर्यंत.

मग सप्टेंबर, आणि लढाई.
ज्या देशानं हाकललं
त्याच देशाची म्हणून
साहेबाचे पोलीस न्यायला आले.
ती ब्रश धूत होती. म्हणाली,
एवढा धुऊन होऊ दे.

पुढचं नायनाला माहीत नव्हतं.
मी खोदून विचारलं की म्हणायचा,
भोंगा झाला होता रे,
पाळीला जायचं होतं.

चादर आमच्याकडेच राहिली.
लहानपणी मला ती अंगावर नको असायची.
रडलो की अम्मा उलटी करून घालायची.
सोलापुरी चादरीला उलट बाजू नसतेच म्हणा,
रंग फक्त जागा बदलतात :
जमीन हिरवी, चेहरा लाल,
तोंड तेवढंच उघडं.

पण त्या बाजूनं ती ओरडत नव्हती.
गल्लीत उशिरापर्यंत खेळणाऱ्या कुणाला तरी
जेवायला हाक मारत होती.