एक चाळीस, दोनदा

कोपराखाली काही नको, असा इथला नियम.
अंगठी नाही, बांगडी नाही, घड्याळ तर नाहीच.
हात असे, जणू आत्ताच जन्मले,
आणि दर पाळीत चाळीसदा धुतले गेले.
माझं मनगटी घड्याळ लॉकरमध्ये, फोनच्या कुशीला.
सुट्टीच्या दिवशी बांधते. पण
कोव्हेंट्रीच्या उन्हात पट्ट्याचा वळ उमटत नाही.

म्हणून हे दुसरं, छातीवर टाचलेलं, लटकणारं.
मी मान खाली घातली की मला सुलट,
समोरच्याला बारा खाली, सहा वर.

मुलगा म्हणतो, आई, फोन असताना हे कशाला?
फोन वेळ सांगतो, खरं आहे.
पण विचारायला गेलं की आधी चौघांचे निरोप सांगतो
आणि वेळ राहूनच जाते.
नाडीला लागतो फक्त एक लाल, बारीक,
उड्या मारत जाणारा काटा
आणि तीस सेकंद कुणी मध्ये न बोलणं.

हे गाव एके काळी घड्याळजींचं.
आमच्या मागच्या रस्त्यावर अजून ती घरं आहेत,
वरच्या मजल्याला मोठाल्या खिडक्या, उजेडासाठी.
आता एका खिडकीत एक पोरगा जागच्या जागी सायकल मारतो.
त्याचं मनगट त्याला त्याची नाडी सांगतं.
चला, माझी तेवढी एक खेप वाचली.

सहाव्या खाटेवर उकिडवे. वय शहाऐंशी.
इथल्या मुली त्यांना मिस्टर यू म्हणतात,
जिभेला झेपेल तेवढंच आडनाव.
तीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात. गाव मिरज.
माझं नर्सिंगही तिथलंच, हे कळताच
अहो-जाहो संपलं.
मनगट धरलं तर बघत होते माझ्या घड्याळाकडे.
"हे मिरजेची वेळ दाखवतंय.
फक्त तासभर पुढे."

मला वाटलं, ताप चढलाय. बघितला. नव्हता.

"काट्यांचं कुठलंही घड्याळ उलटं धर,
साडेपाच तास आपसूक मिळतात.
उन्हाळ्यात हे लोक एक तास उचलतात, तेव्हा जमत नाही.
थांब, शनिवारी रात्री परत देतील."
मग जरा वेळानं, छताकडे बघत,
"बायको तीन वर्षं मागे राहिली होती.
फोनला आठवड्याचा पगार जायचा.
मनगट असं फिरवलं की कळायचं,
आता तिनं चहाला आधण ठेवलं असेल."

शनिवारी रात्रपाळी माझीच.
दोन वाजले की पुन्हा एक वाजणार.
लॉकरमधले फोन अंधारात, कुणाला न विचारता,
आपापली वेळ बदलून मोकळे.
मी चिमटीत किल्ली धरली, तर खाटेवरून दबका आवाज:
"काटे मागे नेऊ नयेत. पुढे ने."
"काका, तासभर मागे जायचंय."
"मग अकरा तास पुढे ने."
नेलं. दोन बोटांतून गेली
एक पहाट, डॉक्टरांची फेरी, अर्धं जेवण.

तक्त्यावर आता एकाखाली एक:
एक चाळीस, नाडी ब्याण्णव.
एक चाळीस, नाडी अठ्ठ्याऐंशी.
सकाळी सिस्टर ग्वेनेथ लाल पेन घेऊन येतील,
यातलं खरं कुठलं?
दोन्ही, सिस्टर. दोन्ही वेळा मी इथंच होते.

दुसऱ्या एक चाळीसला ते जागेच होते.
त्यांचं स्वतःचं घड्याळ पिशवीत, चष्म्याच्या डबीबरोबर,
पावतीवर नोंदलेलं: एक नग, पट्टा तुटका.
माझ्या छातीवरचं वाचलं त्यांनी,
चष्म्याशिवाय, नुसत्या काट्यांच्या कोनावरून.
"सात दहा. आज बरोबर."
मी मनगट धरलं.
"सतारमेकर गल्लीत भोपळे उन्हात ठेवायला..."
शू, काका. मोजतेय.

चव्वेचाळीस.
गुणिले दोन.