चीक

सावद्याच्या पॅकिंग हाऊसमध्ये
मी केळी पास करतो. आठ वर्षं झाली.
फणी पाण्यातून वर येते,
उलटी करतो, सुलटी करतो.
पान घासल्याची रेघ, उन्हाचा चटका,
नखाएवढा डाग दिसला तरी
हात आपोआप डावीकडे जातो.
डावीकडे क्रेट, लोकल माल.
उजवीकडे तेरा किलोचं खोकं, बोटीनं जाणारं.
एका फणीला तीन सेकंद.
सोलून बघायचा प्रश्नच नाही;
सोललेलं केळं कोण विकत घेतं?

रविवारी मोटारसायकलवर तापी ओलांडून
भुसावळच्या मंडळीत जातो.
पांढरा शर्ट, कडक इस्त्री.
वडीलमंडळात सगळ्यांत तरुण मी,
दारात उभा राहून लोकांना जागा दाखवतो:
कोण पुढे, कोण मागे.
तिथंही मला तीनच सेकंद लागतात
हे फार उशिरा कळलं.

शलोमीबाई पावरा, मूळची शिरपूरकडची,
बागेतून घड वाहते.
दांड्याचा चीक तिच्या खांद्यावरून
पदरावर ओघळतो,
ओला असतो तेव्हा पाण्यासारखा,
वाळला की काळा, जन्माचा.
दोन लुगडी तिची, दोन्हींवर तेच नकाशे.

बिशपसाहेब यायचे होते त्या रविवारी
ती काळीपिवळीतून उतरली
तेव्हा मी हळूच म्हटलं,
बाई, आज तरी धुतलेलं नेसायचं.
तिनं पदराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"धुयेल शे, भाऊ. हाऊ चीक शे, निंघाव नही."
आणि आपणहून शेवटच्या बाकावर गेली,
खांबाआड,
जिथून फोटोत कुणी येत नाही.

त्याच वर्षी आबांची डावी बाजू गेली.
मंडळीनं प्रार्थना केली,
कुणी सफरचंदं आणली, कुणी मोबाइलवर वचनं पाठवली.
बायकोची फैजपूरला रात्रपाळी,
माझा कंटेनर रोज उशिरा भरायचा.
एका रात्री गाडी लवकर सुटली,
घरी आलो तर दार लोटलेलं
आणि आत, गुडघ्यांवर,
शलोमीबाई.
बादलीत आबांचं धोतर, चादर.
त्यांची पाठ ती अशी पुसत होती
जसं कुणी पहाटे देवघर पुसतं,
आवाज न करता.

किती दिवस? अकरा.
मला का सांगितलं नाही?
ती चादर पिळत राहिली.
आबाच बोलले, अर्ध्या तोंडानं,
मीच नको म्हटलं तिला. लाज वाटते रे.

अकरा दिवस. त्यात एक रविवार होता.
त्या रविवारीही मी दारातून
तिला मागचाच बाक दाखवला होता
आणि ती गेली होती.

म्हणाल, डागी केळं आतून गोड असतं.
नसतं हो नेहमी. मी सोलून खाल्लीत,
डागी निघतात ती आतून नासकीही निघतात.
माणसाचं फळाशी जुळवू नका.
मला आठवतो तो शमुवेल,
तेलाचं शिंग घेऊन इशायच्या घरी आलेला.
थोरला अलीयाब समोर उभा, उंच, देखणा.
मी असतो तर त्याला तिथंच पास केला असता,
खोक्यात भरून झाकण लावलं असतं.
सात पोरं सरली तरी म्हातारा थांबला,
विचारलं, अजून कोणी आहे का?
एवढाच प्रश्न. मी आठ वर्षांत
एकदाही विचारला नाही.

पुढच्या रविवारी म्हटलं, शलोमीबाई, पुढं चला.
ती म्हणाली, नको भाऊ, मागं वारा बरा येतो.
ती काही शिकवायला आली नव्हती मला.
खांबाआड जाऊन बसली,
आणि प्याला तिच्यापर्यंत आला
तेव्हा तो सगळ्यांत शेवटी होता.

सोमवारी फणी वर आली, डाग होता.
हात डावीकडे गेला. पगार त्याचाच आहे.
पण हातमोजे काढले तेव्हा
पांढरी, कोरडी बोटं बघत राहिलो;
आठ वर्षं केळीत, आणि चिकाचा थेंब नाही.

प्रभू, तुझ्या हातात मी येईन
तेव्हा तू घाई करणार नाहीस.
बाहेरून मी पास आहे.
तेच भय वाटतं.