थांगपत्ता

इकितोसला रस्ता येत नाही.
विमान येतं, आणि नदी.
साबण, टॉर्चचे सेल, तेलाचे डबे, वह्या,
आमच्या दुकानातलं जवळजवळ सगळं
पाच-सहा रात्री पाण्यावर झोपून आलेलं असतं.

पूर्वी मालकीणबाई, दोन्या सोराइदा,
धक्क्यावर पोरगा पाठवायच्या:
बोट दिसते का बघ.
नाही दिसली तर परत ये, जेव.

आता खोक्याखोक्यावर पट्टी चिकटवलेली,
बोटीच्या टपावर यंत्र,
आणि माझ्या टेबलावर पडदा. त्यात ठिपके.
लिमाहून दोघं शिकवायला आले होते.
म्हणाले, यापुढे काहीही हरवणार नाही.
दोन्या सोराइदा मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या,
"ठिपका भिजतो का?"
ते हसले. पुढचं पान उलटलं.

मार्चमध्ये, शाळा उघडायच्या आधी,
तीनशे चाळीस जोड काळे बूट पुकाल्पाहून निघाले.
मंगळवारी रात्री ठिपका लाल झाला.
मी जवळ आणून पाहिलं.
बोट जंगलात होती.
नदीच्या निळ्या रेघेपासून चार किलोमीटर आत,
गच्च हिरव्या रंगातून
ताशी चौदाच्या वेगानं
बिनघोर चालली होती.

लिमाहून फोन. मग आणखी एक.
मग कुणी बुस्तिन्सा, जोखीम विभाग:
"चोरी आहे. माल ट्रकमध्ये चढवलाय."
साहेब, तिथे ट्रक नाही.
"कसा नाही?"
रस्ता नाही.
"मग ते चाललंय कशावरून?"
पुस्तिकेत पान एकोणचाळीस:
मार्ग सुटल्यास लाल बटण दाबावे.
मी दाबलं.
कुठे काय वाजलं, मला अजून माहीत नाही.

दोन्या सोराइदांना उठवलं.
त्या पडद्याच्या इतक्या जवळ आल्या
की काच श्वासानं धुरकटली.
"नकाशा कधीचा?"
कोपऱ्यात बारीक आकडे. अकरा वर्षांपूर्वीचा.
"मग बरोबर आहे.
तीन पावसाळ्यांपूर्वी नदीनं कूस बदलली.
तुझ्या निळ्या रेघेवर आता भुईमूग लावतात."
काच पदरासारखी हळू पुसली, ब्लाउजच्या बाहीनं.
"आणि ही हिरवी जागा...
इथे माझ्या बहिणीचं घर होतं."

नकाशावर अजून वाडी होती.
चार घरांचे चौकोन, शाळेचं चिमुकलं चिन्ह.
आम्ही दोघी बघत असताना
तीनशे चाळीस जोड बूट
त्या शाळेवरून गेले.

शुक्रवारी बोट लागली.
कप्तान एल्मिथ आउआनारी, तोंडात काडी, सही करता करता म्हणाला,
"पोरगं नाळेवर बसून बांबूनं थांग घेत होतं.
थांग आमच्याकडे, पत्ता तुमच्याकडे.
दोन्ही एकदम कुणाकडे असतं?"
सहा जोड ओले निघाले.
एका खोक्यात दोन्ही बूट डाव्या पायाचे.
त्याबद्दल पडद्यावर काहीच नव्हतं.

लिमाला खुलासा हवा होता.
कारण निवडा: चोरी, बिघाड, संप, हवामान, इतर.
मी 'इतर' निवडलं, चौकटीत लिहिलं: नदी.
उत्तर आलं, तपशील अपुरा.
मग 'हवामान' निवडलं. मंजूर झालं.

नकाशा त्यांनी अजून बदललेला नाही.
दर आठवड्याला त्या वळणावर
ठिपका लाल होतो, फोन येतो,
मी 'हवामान' म्हणते.
दोन्या सोराइदा हिशेबाची वही मिटतात,
खुर्ची ओढून घेत नाहीत, उभ्याच राहतात.
"कुठवर आली?"
अंगणात, मी सांगते.
थोड्या वेळानं पुन्हा,
"आता?"
आता स्वयंपाकघरात.