एका मिनिटात शब्द किती

शुक्रवारी सकाळी नऊला
सोहारमधल्या या लाँड्रीवरच्या खोलीत
इस्त्रीची वाफ जिन्याने वर येते.
मी एसी लावते, चटया अंथरते,
आणि सात मुलांना म्हणते, वाचा.

माझ्याकडे एक स्टॉपवॉच आहे,
नवऱ्याने कारखान्यातून आणलेलं, काचेला तडा गेलेलं,
आणि एक वही. तिच्यात रकाने :
नाव, तारीख, एका मिनिटात शब्द किती.

मिहिका एकशे चार.
जोडाक्षर आलं तरी तिची गाडी हळू होत नाही.
'ओढा दुथडी भरून वाहत होता.
पलीकडच्या काठावर शेळी एकटीच उभी होती.'
पूर्णविरामाला थांबते, मी शिकवलंय तसं,
मनात दोन टिचक्या मोजून.

मी सहज विचारलं, ओढा म्हणजे काय गं?
म्हणाली, "मामाच्या गावच्या बँकेत दारावर असतं ते.
एका बाजूने ओढा, एका बाजूने ढकला."

सगळे हसले. मीपण.
मग हसू ओसरताना कळलं,
तीन शुक्रवार आम्ही हा धडा खडाखडा म्हणतोय
आणि तीन शुक्रवार
बँकेचं एक दार दुथडी भरून वाहतंय.

धैर्यशील जगदाळे सगळ्यांत शेवटी.
वहीत त्याच्यापुढे अठ्ठावीस, एकतीस, पुन्हा अठ्ठावीस.
बोट पुढे, आवाज मागे,
शाळेच्या रांगेत बुटाची नाडी सुटलेल्या पोरासारखा.
"ओ... ढा... ओढा. दु..."
आणि थांबला.

दहा सेकंद. वीस.
'थ' माझ्या जिभेच्या टोकावर होता,
पण त्याचं बोट पुस्तकावर नव्हतंच.
तो खिडकीतून बघत होता
तिकडे, जिथे उन्हात डोंगर
भाजलेल्या पापडासारखे दिसतात.

"टीचर, शेळी पाण्यात उतरणार नाही ना?"
का रे?
"पाणी तपकिरी असलं की तळ दिसत नाही.
मागे आमच्या रस्त्यावर वादी आली ना,
पप्पांच्या टँकरपुढची पिकअप गेली. रिकामी होती.
आधी आवाज येतो, दगडांचा.
पाणी नंतर.
पप्पा म्हणाले, उतरायचं नाही. मग आम्ही
तिथेच बसलो. खुबूस खाल्ला. रात्र झाली."

एसीचा थेंब बादलीत पडला. कुणी हसलं नाही.
"म्हणजे ओढा म्हणजे वादी?" मिहिकाने विचारलं.
"वादीच," तो म्हणाला, "पण तिला रोज पाणी असतं."
(नसतं, मी मनात म्हटलं, आमच्या माणकडे तर नसतंच;
पण मधे बोलले नाही.)

मिहिकाने पुस्तक पुढ्यात ओढलं.
कुणी सांगितलं नव्हतं, तरी तीच ओळ पुन्हा वाचली.
या खेपेला 'दुथडी'वर तिचा पाय जपून पडला,
आणि 'एकटीच'पाशी
पूर्णविराम नसतानाही ती थांबली.

घड्याळ बंद करायला मी विसरले होते.
चार मिनिटं अकरा सेकंद.
धैर्यशीलपुढे काय लिहू?
ओढा, आणि दुथडीतला 'दु'.
लिहिलं : सव्वा.
पुढे काहीतरी लिहायचं होतं, पण रकाना संपला.

म्हणून 'थडी' त्याला माफ नाही.
पिकअप आठवते म्हणून अक्षर ओळखीचं होत नाही,
आणि बारा वर्षांचा झाल्यावर
कुणी त्याच्यासाठी खिडकीकडे बघत थांबणार नाही.
फळ्यावर लिहिलं, सुटं सुटं,
थ, डी. थडी म्हणजे काठ. दु म्हणजे दोन.
त्याने पाच वेळा वाचलं. पाचव्यांदा सलग.

मग विचारलं, "आणि दोन थडींच्या मधल्याला?"
पात्र, मी म्हटलं.
"पात्र तर नाटकात असतं," मिहिका म्हणाली.
"पात्र म्हणजे भांडं," मागून कुणीतरी.

मी स्टॉपवॉच पर्समध्ये टाकलं.
खडू शोधायला लागले.